भूलवाल्या मॅडम

माझं नाव फार थोड्या पेशंटना ठाऊक असतं. पोट कापणाऱ्या डॉक्टरच्या घरी पेढे जातात, पुढे मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचं आमंत्रणही जातं. पाठीत सुई देऊन कमरेखालचं अंग बधिर करणारी बाई 'भूलवाल्या मॅडम' एवढीच लक्षात राहते. तक्रार नाही. कल्हईवाला, बर्फवाला, भूलवाल्या मॅडम ही रांग मला आवडते. हाक आली की सामान घेऊन निघायचं, काम झालं की परत.

नव्वदच्या दशकात नागपुरात मी हेच करत होते. धंतोली, रामदासपेठ, पलीकडे महाल आणि इतवारी. गल्लोगल्ली लहान नर्सिंग होम. पगारी भूलतज्ज्ञ कुणाकडेच नव्हता, माझा फोन नंबर सगळ्यांकडे होता. कायनेटिकवर पायाशी बॅग. बॅगेत घशात बघायचा लॅरिंगोस्कोप, श्वासाच्या तीन मापांच्या नळ्या, आणि रुमालात गुंडाळलेल्या औषधाच्या काचेच्या कुप्या. मे महिन्यात दुपारी त्या बॅगेच्या कडीला हात लावला तर चटका बसायचा. जिना चढायला लागलं की वरून आवाज यायचा, "भूलवाल्या मॅडम आल्या का?" त्या सुरावरूनच आत काय चाललंय ते कळायचं. सावकाश विचारलं असेल तर ठरवून केलेलं सिझर. मावशी अर्ध्या जिन्यात येऊन उभी असेल तर समजायचं, बाळाचे ठोके पडताहेत.

लोकांना एका गोष्टीचं नेहमी नवल वाटतं. घाईचं सिझर असेल तर सुरी कातडीला लागल्यापासून बाळ हातात यायला चार-पाच मिनिटं पुरतात. बाकीचा अर्धा-पाऊण तास टाके घालण्याचा. खरा वेळ जातो तो सुरी लागण्याआधी. सिझर करायचं असं ठरल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंत ३० मिनिटं, हा आकडा आम्ही पाठ केलेला. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं आजही तेच सांगतात. आईच्या किंवा बाळाच्या जिवावर बेतलं असेल तर ३० मिनिटांच्या आत, धोका आहे पण अगदी त्या क्षणाचा नाही अशांना ७५. गंमत अशी की ही ३० मिनिटं कुठल्या बाळाला विचारून ठरलेली नाहीत. नाळ खाली घसरली असेल तर अर्धा तास फार झाला, आणि एरवी एकतिसाव्या मिनिटाला आकाश कोसळतं असंही नाही. सगळी माणसं एकाच इमारतीत हजर असतील तर एवढ्या वेळात जमायला हवं, असा तो जाणकारांनी बांधलेला अंदाज. 'एकाच इमारतीत' हे शब्द मात्र त्यात कुठे लिहिलेले नसतात. मला ते १९९१ साली वाचता आले.

मेडिकलमधून एम.डी. करून मी सरकारी नोकरीत लागले होते. (नागपुरात 'मेडिकल' म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. पूर्ण नाव सांगितलं तर रिक्षावालाही गोंधळतो.) पहिली नेमणूक वैनगंगेपलीकडे, एका तालुक्याच्या गावी. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, मग नदी, आणि नदीनंतर साग आणि मोह. एसटीत बसल्यावर मोहापर्यंत यायला अख्खा दिवस जायचा. दवाखान्याला ऑपरेशन थिएटर होतं, टेबल होतं, चार बल्बांपैकी तीन लागणारा दिवा होता, आणि एक स्त्रीरोगतज्ज्ञ होते. मी जायच्या आधी ते फक्त कुटुंब नियोजनाची शिबिरं करायचे, कारण भूल द्यायला माणूसच नव्हता. मी रुजू झाले त्या दिवशी सिस्टरांनी चहाबरोबर बालूशाही मागवली. पहिल्या चार महिन्यांत आम्ही अकरा सिझर केले. अकरापैकी अकरा आया घरी गेल्या. मला वाटायला लागलं होतं की प्रश्न एवढाच होता, भूलवाल्या बाईचा, आणि तो मी येऊन सोडवला.

ऑगस्टमधली रात्र. डॉक्टर जिल्ह्याच्या मीटिंगला गेलेले. संध्याकाळी नाल्याला पूर आला आणि ते पलीकडेच अडकले. रात्री साडेनऊला काळी-पिवळी जीप फाटकाशी थांबली. त्याआधी बैलगाडी झालेली. तिसरं बाळंतपण, मूल आडवं, कळा आदल्या रात्रीपासून. पाणी सकाळीच फुटलेलं. बाळाचा एक हात बाहेर आला होता. निळसर, सुजलेला. सासूनं त्याच्यावर स्वतःच्या लुगड्याचा पदर टाकला होता, कुणाला दिसू नये म्हणून की थंडी लागू नये म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही.

मी पोटावर नळी लावून ऐकलं. ठोके होते.

ठोके नसते तर पुढची वीस मिनिटं वेगळी गेली असती. माझ्याकडे भुलीचं औषध केटामिन होतं, पाठीत द्यायच्या स्पायनलच्या सुया होत्या, ऑक्सिजनचा एक भरलेला सिलिंडर होता. सिस्टरांनी मी न सांगताच अवजारं उकळायला टाकली होती. सगळं तयार, फक्त कापणारा हात नव्हता. सगळीकडे सर्जन भूलवाल्याची वाट पाहत बसतो, आणि इथे भूलवाली सर्जनची वाट पाहत उभी. सासूला यातलं काही कळायचं कारण नव्हतं. ती म्हणाली, "तुमी डाक्टर आहा न बाई? मंग करा न."

शेकडो सिझर मी पाहिले होते, पण डोक्याकडून, पडद्याच्या अलीकडून. सुरी कधी धरली नव्हती. आणि समजा धरली, तर डोक्याशी कोण बसणार? हा हिशेब मी वीस मिनिटं पुन्हा पुन्हा केला. दर वेळी उत्तर तेच, एक माणूस कमी. मग सलाइन लावलं, दुखणं कमी व्हायला इंजेक्शन दिलं, चिठ्ठी लिहिली, सिस्टरांना सोबत दिलं आणि दवाखान्याची जीप पुढच्या गावाला रवाना केली. साठ किलोमीटर. मी मागे राहिले. वॉर्डात आणखी दोघी होत्या आणि डॉक्टर म्हणून गावात मी एकटीच होते. हे कारण खरं आहे. तेव्हाही मला ते कारणासारखंच वाटलं होतं.

सकाळी ड्रायव्हर हापशीवर जीप धूत होता. मागची सीट काढून उन्हात टाकलेली. बादलीमागून बादली. मी क्वार्टरच्या पायरीवर टूथब्रश हातात धरून उभी. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि बादली भरायला वळला.

बाई वाचली. पिशवी फाटली होती, ती काढावी लागली. तीन आठवड्यांनी घरी गेली. मुलगा होता.

सरकारी नोकरीच्या बाँडची मुदत संपली तशी मी नागपूरला आले आणि कायनेटिक घेतली. माझ्या जागी त्या गावात दुसरा भूलतज्ज्ञ यायला सहा वर्षं लागली, हेही इथेच लिहून टाकते. दूरच्या दवाखान्यात डॉक्टर टिकत नाहीत अशी चर्चा निघाली की मी गप्प बसते, कारण न टिकलेल्यांत मी आहे.

आपल्याकडे पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसाला मान असतो. कुणाच्या कंबरेत उसण भरली की पायाळूला बोलावून पाठीला पाय लावून घ्यायचा. पायाळूला जमिनीखालचं धन दिसतं म्हणतात, पायाळूनं विजेला जपावं म्हणतात. माझे एक मामा पायाळू होते, वाड्यातले निम्मे लोक त्यांच्या लाथेनं बरे झाले असा त्यांचा दावा होता. मला फार उशिरा सुचलं की गावात दिसतात ते सगळे वाचलेले पायाळू. धड बाहेर येऊन डोकं अडकलं त्यांच्याबद्दल कसली समजूत नाही, कारण त्यांची बारशीच झाली नाहीत. आणि आडव्या मुलासाठी तर असा शब्दच नाही. दिवस भरलेलं आडवं मूल आपलं आपण जन्माला येत नाही. गावानं तसा माणूस कधी चालताना पाहिला नाही, मग नाव कशाला ठेवणार? बाईसाठी मात्र शब्द होता, 'अडली'. अडलेली बाई मोकळी झाली तर 'सुटली'. या दोन क्रियापदांच्या मधे काय करायचं, त्यासाठी आपण इंग्रजीतून 'सिझर' आणलं, आणि तेही अर्ध्याच वाटेपर्यंत पोचलंय.

मेडिकलला शिकत असताना रात्रीच्या ड्यूटीत मी चिठ्ठ्या वाचायची. चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, गडचिरोली, शिवाय मध्य प्रदेशातून छिंदवाडा, बालाघाट. या सगळ्या वाटा शेवटी नागपूरला येतात. बाईच्या नातेवाइकाच्या मुठीत चिठ्ठ्यांची चळत असे. प्राथमिक आरोग्य केंद्र, मग ग्रामीण रुग्णालय, मग जिल्हा. प्रत्येकीवर तेच वाक्य, 'पुढील उपचारासाठी पाठवीत आहोत', आणि प्रत्येकीवर वेळ. संध्याकाळी सहा दहा. नऊ. पावणेबारा. आमच्याकडे पहाटे चार. दोन चिठ्ठ्यांमधली वजाबाकी केली की रस्ता कळायचा. पहिल्या चिठ्ठीच्या आधीची वजाबाकी मात्र कुणालाच करता येत नसे.

त्याला नंतर नाव मिळालं. १९९४ साली थॅडियस आणि मेन या दोन संशोधकांनी तीन उशीर मांडले. घरातून निघायचं ठरवण्यातला, पोचण्यातला, आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातला. सगळ्या जगात आता हीच मांडणी शिकवतात. मला तिच्यातला पहिला उशीर थोडा अन्यायकारक वाटतो, कारण तो ऐकला की शहरातली माणसं 'अडाणीपणा' म्हणून मोकळी होतात. एकदा एका नवऱ्याची सही हवी म्हणून एका दवाखान्यानं बाईला तीन तास ताटकळत ठेवलं होतं. नवरा तेलंगणात मिरची तोडायला गेलेला. पूर्व विदर्भातून जानेवारी-फेब्रुवारीत गावंच्या गावं मिरची तोडायला जातात. वास्तविक सज्ञान बाई शुद्धीवर असेल तर तिची स्वतःची सही पुरते, नवऱ्याची लागत नाही. सासरच्यांना हे ठाऊक नव्हतं, ठीक. दवाखान्याला ठाऊक होतं. हा उशीर पहिल्या खात्यात मांडायचा की तिसऱ्या?

आणि शिवाय, घरच्यांनी लवकर का निघावं? मागच्या वेळी कुणीतरी लवकर निघालं होतं, थिएटरला कुलूप होतं, तिथून पुढे पाठवलं, वाटेत गेली. ही बातमी गावात कुठल्याही योजनेच्या पोस्टरपेक्षा जोरात फिरते.

लेबर रूममधल्या एका कागदावर माझा फार जीव. पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण तासागणिक किती पुढे सरकतंय ते मांडायचा आलेख. १९७२ मध्ये फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, त्याला हे रूप दिलं. त्यावर दोन तिरप्या रेघा. पहिली सावध करणारी, दुसरी आता काहीतरी कराच म्हणणारी, आणि दोघींत चार तासांचं अंतर. दूरच्या केंद्रात आलेखानं पहिली रेघ ओलांडली की एकट्या सुईणीनं बाईला मोठ्या दवाखान्याकडे काढायचं. म्हणजे त्या चार तासांत गाडी धरलेली आहे! आलेखात रस्ता आखून ठेवणारा माणूस मला फार शहाणा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये नवा तक्ता आणला आणि त्या रेघा काढून टाकल्या, कारण प्रत्येकीच्या पिशवीचं तोंड तासाला एक सेंटिमीटर या वेगानं उघडत नाही. तेही खरंच. पण प्रत्यक्षात मी जे पार्टोग्राफ पाहिले त्यांतले कितीतरी पहाटे एका बैठकीत, एकाच पेनानं भरलेले. रात्रभर तीन बायका एकटीनं सांभाळणाऱ्या सिस्टरला त्याबद्दल बोल लावायला माझी जीभ रेटत नाही.

इकडे नागपुरात वाद उलटा. "आजकाल कोणाची नॉर्मल होते का जी? पैसे काढतेत नुसते." लग्नात, किटी पार्टीत, ऑटोत हे ऐकलंय, आणि मी कोण ते कळल्यावर समोरचा ओशाळतो. ओशाळायचं कारण नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात १०० जन्मांमागे २१.५ सिझर होते. खासगी दवाखान्यांत ४७.४, सरकारी दवाखान्यांत १४.३. महाराष्ट्राचा एकूण आकडा २५.४. जागतिक आरोग्य संघटनेचं २०१५ मधलं म्हणणं असं की समाजात हे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेलं तरी त्यामुळे मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत. मग वरचे कशासाठी? त्यातले काही मी स्वतः पार पाडले आहेत. एकदा अकरा चाळीसच्या मुहूर्तावर सिझर ठरलं होतं आणि गुरुजींचा फोन आला की अकरा बावन्न करा, पत्रिकेतलं लग्न बदलतंय. सर्जन, बालरोगतज्ज्ञ, दोन सिस्टर आणि मी, हात धुऊन, बारा मिनिटं घड्याळाकडे बघत उभे. पाच माणसं, एका खोलीत, एका वेळी, आणि काम नाही. तेव्हा मला ती ऑगस्टमधली खोली आठवली नाही असं कसं म्हणू.

सरासरी काढली की राज्याचा आकडा बरा दिसतो. २०१८ ते २० या काळात महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ आया गेल्या, देशात ९७. खरोखर चांगली गोष्ट आहे. २०११ पासून सरकारी दवाखान्यात सिझर, औषधं, रक्त, ने-आण सगळं मोफत आहे, २०१४ पासून राज्यात १०८ ची गाडी आहे, आणि यातल्या प्रत्येकानं जीव वाचवलेत. पण २०२४ च्या पावसाळ्यात भामरागड तालुक्यात गरोदर बाईला जेसीबीच्या बकेटमध्ये उभं करून नाला पार करावा लागला. भामरागडला पर्लकोटा नदी पुलावरून वाहायला लागली की १०८ अलीकडे आणि बाई पलीकडे. म्हणून दिवस भरत आलेल्या बाईला आधीच दवाखान्याजवळ आणून ठेवायची योजना आदिवासी भागांत आहे. तिचं नाव कुणी दिलं माहीत नाही, पण त्याला मराठी येत होतं: 'माहेरघर'. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ज्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय तिथे सरकारी खोलीला हे नाव द्यायला डोकं लागतं. बायका तरीही कमी येतात. शेळ्या कोण बघणार, मोठ्या पोरांना कोण रांधून घालणार, रोवणीची मजुरी कोण भरून देणार. माहेरी आई असते, माहेरघरात नसते.

मोझांबिकमध्ये १९८४ साली त्यांनी वेगळाच मार्ग काढला. स्वातंत्र्यानंतर डॉक्टर देश सोडून गेले होते, म्हणून डॉक्टर नसलेल्या, पण आरोग्यसेवेतल्याच माणसांना शस्त्रक्रिया शिकवायला सुरुवात केली. २००२ मधल्या नोंदींत तिथल्या जिल्हा रुग्णालयांतल्या प्रसूतीच्या मोठ्या शस्त्रक्रियांपैकी सुमारे ९२ टक्के याच 'तेक्निको' लोकांनी केलेल्या होत्या. आपल्याकडे तेवढं धाडस नाही झालं, पण एम.बी.बी.एस. डॉक्टरांना १८ आठवड्यांत जीव वाचवण्यापुरती भूल आणि १६ आठवड्यांत सिझर शिकवायची योजना आली. तोवर मी शिकवायला लागले होते. माझ्याकडे हे १८ आठवडेवाले यायचे. आमच्यातले काही ज्येष्ठ नाक मुरडत, आम्ही तीन वर्षं घासली आणि हे चार महिन्यांत? मी कुणाशी वाद घातला नाही. मी त्यांना स्पायनल शिकवलं, केटामिन शिकवलं, आणि बीपी पडलं तर आधी बाईला डावीकडे कलती करायला शिकवलं. शिकून गेलेल्यांतल्या कितींची बदली थिएटर नसलेल्या गावी झाली ते मोजायचं मी सोडून दिलं.

गेल्या पावसाळ्यात रात्री पावणेएकला त्यांतल्या एकाचा फोन आला. आता मी निवृत्त आहे, फोन उशाशी घेऊन झोपायची खोड गेलेली नाही.

"मॅडम, स्पायनल बसत नाहीये. दोनदा केलं. हाडच लागतंय."

"बसवलंय की कुशीवर?"

"कुशीवर. कळांमुळे बसत नाही ती."

"बसव. सिस्टरला समोर उभं कर, बाईचं डोकं तिच्या खांद्यावर टेकव. कळ ओसरली की सुई घाल. घाई करू नको. ठोके किती?"

"शंभर. मॅडम, सिकलसेल आहे, हिमोग्लोबिन सात."

"रक्त?"

"एक बाटली आहे. आली आत्ताच."

"कापणारं कोण आहे?"

त्यानं नाव सांगितलं. सोळा आठवडेवाली मुलगी, त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. दोघांचं मिळून चौतीस आठवडे. मी म्हटलं, फोन ठेव, दोन्ही हात लागतील.

मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. तो उतू गेला, पुन्हा टाकला. बाहेर वाहतूक नव्हती, फक्त पाऊस. सत्तावीस मिनिटांनी फोन वाजला.

"झालं मॅडम. मुलगी. दोन किलो सातशे. जरा वेळानं रडली, पण रडली."

"बीपी?"

"नव्वद-साठ. रक्त चालू आहे."

"सिलिंडर किती उरलाय?"

तो बघायला गेला. फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग चपलांचा, मग कुणीतरी फरशीवरून बादली सरकवली.